घरभेद्याचा शोध घरभेद्याकडेच

सप्टेंबर १९४५. जपानच्या शरणागतीवर सह्या होऊन काही आठवडेच उलटले होते. लंडनमध्ये एमआय-६ या ब्रिटिश गुप्तचर संघटनेचे प्रमुख सर स्ट्युअर्ट मेन्झिस यांनी आपल्या सोव्हिएतविरोधी विभागाच्या प्रमुखाला बोलावून घेतले आणि इस्तंबूलहून राजनैतिक टपालाने आलेले काही कागद त्याच्यापुढे ठेवले. तेथील सोव्हिएत वाणिज्य दूतावासातील कॉन्स्टँटिन व्होल्कोव्ह नावाच्या अधिकाऱ्याने ब्रिटनकडे आश्रय मागितला होता. तो प्रत्यक्षात सोव्हिएत गुप्तचर अधिकारी होता आणि आश्रयाच्या मोबदल्यात ब्रिटिश सरकारात दडलेल्या सोव्हिएत हस्तकांची नावे द्यायला तयार होता. त्यातले दोन परराष्ट्र खात्यात आणि सात गुप्तचर यंत्रणेत होते. या सातांपैकी एक तर प्रतिहेरगिरीच्या एका विभागाच्या प्रमुखाचे काम पाहत होता.

कागद वाचणारा ३३ वर्षांचा अधिकारी हाच तो विभागप्रमुख असण्याची दाट शक्यता होती. त्याचे नाव हॅरल्ड एड्रियन रसेल फिल्बी. मित्रांमध्ये, कार्यालयात आणि पुढे साऱ्या जगात तो किम फिल्बी या नावाने ओळखला गेला. त्याने शांतपणे कागद वाचले आणि प्रकरण महत्त्वाचे असल्याचे वरिष्ठांना सांगितले. घरभेद्याचा माग काढण्याचे काम अशा रीतीने घरभेद्याच्याच हाती आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील हेरगिरीच्या इतिहासात याहून विलक्षण प्रसंग क्वचितच सापडेल. मात्र त्या दिवशी जे घडले, त्याची तयारी त्याआधीची अकरा वर्षे चालू होती.

अंबाल्यात जन्मलेला किम

फिल्बीचा जन्म १ जानेवारी १९१२ रोजी पंजाबातील अंबाला येथे झाला. वडील सेंट जॉन फिल्बी हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील अधिकारी. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंग यांची ‘किम’ ही कादंबरी त्या वेळी इंग्रजी घरांत लोकप्रिय होती. लाहोरच्या रस्त्यांवर वाढलेला आणि ब्रिटिश गुप्तचरांच्या कामी येणारा एक पोरगा हा तिचा नायक. आईवडिलांनी मुलाला लाडाने त्याचेच नाव दिले. कादंबरीतला किम आपला पहिला गुप्त निरोप घेऊन जातो तोही अंबाल्यालाच. योगायोग म्हणून हा तपशील लक्षात राहण्याजोगा आहे.

सेंट जॉन फिल्बी हे प्रकरण साधे नव्हते. पहिल्या महायुद्धात ते भारतातून मेसोपोटेमियात गेले, पुढे अरबस्तानात रमले, ब्रिटिश सरकारी नोकरीतून बाहेर पडले आणि इब्न सौद यांचे सल्लागार झाले. १९३० मध्ये त्यांनी इस्लाम स्वीकारला. आपल्या सरकारच्या धोरणावर उघड टीका करण्यात त्यांना कधी संकोच वाटला नाही. तरीही लंडनच्या क्लबांत त्यांची ऊठबस कायम होती. सरकारशी वैर धरूनही सरकारी वर्तुळातलाच एक म्हणून वावरता येते, हे मुलाने घरातच पाहिले असावे.

किमचे शिक्षण वेस्टमिन्स्टर शाळेत आणि नंतर केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात झाले. १९२९ मध्ये तो केंब्रिजला पोहोचला आणि त्याच वर्षी जागतिक मंदीला सुरुवात झाली. ब्रिटनमध्ये बेकारी वाढत होती, १९३१ मध्ये मजूर पक्षाचे सरकार कोसळले आणि जर्मनीत हिटलरची ताकद वाढत चालली. लोकशाही पक्ष या संकटाला तोंड देऊ शकणार नाहीत, अशी अनेक तरुणांची खात्री होऊ लागली होती. त्यांपैकी काही जण साम्यवादाकडे वळले. फिल्बी त्यांतलाच एक.

पदवी मिळताच १९३३ मध्ये तो व्हिएन्नाला गेला. तेथे लिट्झी फ्रीडमन या तरुण ज्यू साम्यवादी कार्यकर्तीच्या घरी तो राहिला आणि भूमिगतांना मदत करू लागला. फेब्रुवारी १९३४ मध्ये ऑस्ट्रियाच्या सरकारने समाजवादी कामगारांचा उठाव चिरडला. कामगारांच्या वसाहतींवर तोफा डागल्या गेल्या. लिट्झीला अटकेपासून वाचवण्यासाठी फिल्बीने त्याच महिन्यात तिच्याशी लग्न केले आणि ब्रिटिश पारपत्राच्या आधारे तिला लंडनला आणले.

बागेतली भेट

जून १९३४ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये त्याची आर्नोल्ड डॉईश या माणसाशी भेट घडवून आणण्यात आली. डॉईश हा उच्चशिक्षित ऑस्ट्रियन आणि सोव्हिएत गुप्तचर खात्याचा हस्तक होता. त्याची योजना साधी पण दूरदृष्टीची होती. नोकरीत स्थिरावलेल्या अधिकाऱ्यांना पैशाने फोडण्यापेक्षा, पुढे मोठ्या पदांवर जाणारे तरुण विद्यापीठातच हेरायचे आणि वाट पाहायची. फिल्बीला साम्यवादी पक्षात जाऊ देण्यात आले नाही. उलट डाव्या मित्रांशी संबंध तोडून उजव्या विचारांचा मुखवटा चढवण्यास त्याला सांगण्यात आले. त्याने सुचवलेल्या नावांतून डोनाल्ड मॅक्लीन आणि गाय बर्जेस हे केंब्रिजचे दोघे जण या कामात आले. पुढे अँथनी ब्लंट आणि जॉन केर्नक्रॉस यांची भर पडली.

मुखवटा चढवण्याचे काम फिल्बीने मनापासून केले. नाझी जर्मनीशी मैत्री वाढवू पाहणाऱ्या मंडळात तो वावरू लागला. स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटल्यावर ‘द टाइम्स’चा वार्ताहर म्हणून त्याने फ्रँकोच्या बाजूने बातम्या पाठवल्या. १९३७ च्या अखेरच्या दिवशी तेरुएलच्या आघाडीजवळ त्यांच्या मोटारीशेजारी तोफगोळा फुटला. बरोबरचे तीन पत्रकार दगावले. फिल्बी किरकोळ जखमांवर बचावला. १९३८ मध्ये खुद्द फ्रँको यांनी त्याच्या छातीवर पदक लावले. साम्यवाद्यांचा हस्तक असलेला हा वार्ताहर आता जगाच्या दृष्टीने फॅसिस्टांचा सहानुभूतीदार ठरला होता.

याच काळात मॉस्कोत स्टालिनच्या दहशतीचे चक्र फिरत होते. फिल्बीच्या संपर्कात आलेला टेओडोर मॉली हा अधिकारी परत बोलावला गेला आणि १९३८ मध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या. ज्या राजवटीसाठी आपण देशाशी द्रोह करत आहोत ती आपल्याच निष्ठावंतांना मारते, हे फिल्बीला कळत नव्हते असे मानणे कठीण आहे. तरीही १९३९ मध्ये स्टालिन आणि हिटलर यांच्यात करार झाल्यानंतरही तो मागे फिरला नाही.

निसटलेला धागा

महायुद्ध सुरू झाल्यावर ब्रिटनला आतल्या शत्रूंची चिंता भेडसावू लागली. १९४० च्या प्रारंभी वॉल्टर क्रिविट्स्की हा पळून आलेला सोव्हिएत गुप्तचर अधिकारी लंडनला आणला गेला. देशांतर्गत सुरक्षेचे काम पाहणाऱ्या एमआय-५ च्या जेन आर्चर यांनी अनेक दिवस त्याच्याकडून माहिती घेतली. सोव्हिएत गुप्तचरांनी यादवी युद्धाच्या काळात एका तरुण इंग्रज पत्रकाराला स्पेनमध्ये पाठवले होते, असे त्याने सांगितले. नाव त्याला ठाऊक नव्हते. स्पेनमधील इंग्रज वार्ताहरांची संख्या पाहता शोध घेणे अशक्य नव्हते. पण युद्धाच्या धामधुमीत तो धागा कोणी शेवटपर्यंत ओढला नाही. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनमधील एका हॉटेलात क्रिविट्स्की मृतावस्थेत आढळला.

१९४० मध्येच फिल्बी ब्रिटिश गुप्तचर सेवेत शिरला. आधीपासून तेथे असलेल्या बर्जेसने त्याच्यासाठी शब्द टाकला. त्या काळी या सेवेत स्पर्धा परीक्षा नव्हती. शिफारस, शाळा आणि घराणे एवढे पुरेसे असे. पार्श्वभूमीची तपासणी म्हणजे एमआय-५ च्या दप्तरात नाव आहे का, एवढे पाहणे. फिल्बीच्या नावे काहीच नोंद निघाली नाही. संघटनेतील ज्येष्ठ अधिकारी व्हॅलेंटाइन व्हिव्हियन हे पूर्वी भारतात पोलिस अधिकारी होते आणि सेंट जॉन फिल्बी यांना ओळखत होते. मुलाच्या केंब्रिजमधील साम्यवादी ओढीबद्दल त्यांनी वडिलांकडेच चौकशी केली. तो विद्यार्थिदशेतला पोरकटपणा होता, असे वडिलांनी सांगितले आणि विषय संपला.

या विश्वासाची गंमत वेगळीच आहे. युद्धविरोधी भूमिकेमुळे सेंट जॉन फिल्बी यांना १९४० मध्येच ब्रिटिश भारतात अटक करून इंग्लंडला पाठवण्यात आले होते आणि काही महिने स्थानबद्धही ठेवण्यात आले होते. सरकारने ज्यांना संशयावरून कोंडले, त्यांच्याच शब्दावर मुलाला सरकारच्या गाभाऱ्यात प्रवेश मिळाला. नियमांपेक्षा ओळख मोठी ठरली.

सेंट ऑल्बन्सचे दिवस

१९४१ मध्ये फिल्बीची नेमणूक एमआय-६ च्या प्रतिहेरगिरी विभागात झाली. बॉम्बहल्ल्यांमुळे हा विभाग लंडनबाहेर सेंट ऑल्बन्स येथे हलवण्यात आला होता. स्पेन आणि पोर्तुगाल या तटस्थ देशांत जर्मन हेर काय करतात, यावर नजर ठेवण्याचे काम त्याच्याकडे आले. डिसेंबर १९४१ मध्ये ब्लेचली पार्कच्या तज्ज्ञांनी अ‍ॅबवेर या जर्मन लष्करी गुप्तचर संघटनेचे एनिग्मा यंत्रावरचे संदेश उलगडले आणि या कामाला मोठे बळ मिळाले. जर्मन हेर ब्रिटनच्या दिशेने निघण्यापूर्वीच त्याची वार्ता लागू लागली.

फिल्बी या कामात उत्तम ठरला. सहकाऱ्यांशी तो सौजन्याने वागे, त्याचे अहवाल मुद्देसूद असत, बोलताना तो किंचित अडखळे आणि त्यामुळे अधिकच आपलासा वाटे. जर्मनीविरुद्धच्या लढ्यात त्याने केलेले काम खरे होते, त्याचा ब्रिटनला लाभही झाला. पण दिवसभर ब्रिटनसाठी राबणारा हा अधिकारी संध्याकाळी कागदांनी भरलेली बॅग घेऊन बाहेर पडे आणि त्यातील मजकूर सोव्हिएत संपर्क अधिकाऱ्याच्या हाती जाई. १९४१ पासून सोव्हिएत संघ हा ब्रिटनचा मित्रदेश होता. परंतु मित्राला काय सांगायचे हे ठरवण्याचा अधिकार सरकारचा असतो, विभागातील एका अधिकाऱ्याचा नव्हे.

एमआय-६ चे अभिलेखागारही सेंट ऑल्बन्सलाच होते. तेथील माणसांशी मैत्री करून फिल्बीने आपल्या कामाशी संबंध नसलेल्या फायलीही बाहेर काढल्या. ब्रिटनचे सोव्हिएत संघात कोणकोणते हस्तक आहेत, हे मॉस्कोला हवे होते. फिल्बीने दप्तर चाळून कळवले, की तेथे नाव घेण्यासारखे हस्तकांचे जाळेच नाही. ही माहिती खरी होती आणि तिनेच त्याला अडचणीत आणले.

मॉस्कोचा संशय

सोव्हिएत गुप्तचरांच्या मुख्यालयाला हे उत्तर पटेना. ब्रिटनसारखे साम्राज्य आपल्याविरुद्ध हेरगिरी करत नाही, यावर स्टालिनच्या अधिकाऱ्यांचा विश्वास बसणे शक्यच नव्हते. येलेना मोद्रझिन्स्काया या विश्लेषक महिलेने केंब्रिजच्या पाचही जणांची कागदपत्रे तपासली. साम्यवादी पूर्वायुष्य असलेले हे तरुण इतक्या सहजपणे गुप्तचर सेवेत कसे शिरले? इतके कागद पकडले न जाता बाहेर कसे काढतात? याचा एकच अर्थ तिला दिसला: हे सारे ब्रिटिशांनी पेरलेले दुहेरी हेर असावेत. ऑक्टोबर १९४३ मध्ये लंडनमधील सोव्हिएत केंद्राला तसे कळवण्यात आले. या मंडळींवर पाळत ठेवण्यासाठी मॉस्कोहून माणसेही धाडण्यात आली.

तिचे प्रश्न चुकीचे नव्हते. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी स्वतःला विचारायला हवेत असेच ते होते. लंडनने ते विचारले नाहीत, कारण आपल्यातला माणूस फितूर असेल ही कल्पनाच त्यांना शिवली नाही. मॉस्कोने ते विचारले आणि उत्तर चुकीचे काढले, कारण कोणीही फितूर नसेल ही कल्पना त्यांना शिवत नव्हती. परिणामी युद्धाच्या ऐन भरात फिल्बी ज्यांच्याशी खोटे बोलत होता त्यांचा त्याच्यावर पूर्ण विश्वास होता आणि ज्यांना तो खरे सांगत होता ते त्याच्याकडे संशयाने पाहत होते. १९४४ मध्ये अन्य मार्गांनी मिळालेल्या माहितीशी त्याचे अहवाल जुळू लागल्यावरच मॉस्कोचा संशय निवळला.

त्याच वर्षी त्याला सर्वांत मोठे यश मिळाले. जर्मनीचा पराभव दृष्टिपथात येताच एमआय-६ ने सोव्हिएत हेरगिरीचा मुकाबला करण्यासाठी नवा विभाग उभारला होता. त्याच्या प्रमुखपदावर प्रतिहेरगिरी विभागाचे फेलिक्स काउगिल यांचा स्वाभाविक हक्क होता. भारतातील पोलिस सेवेत असताना त्यांनी साम्यवादी चळवळीचा बारकाईने अभ्यास केला होता. मात्र काउगिल यांचे व्हिव्हियन यांच्याशी आणि अन्य खात्यांशी पटत नव्हते. मॉस्कोच्या सूचनेनुसार फिल्बीने या वैराला खतपाणी घातले. काउगिल बाजूला पडले आणि खुर्ची फिल्बीला मिळाली. सोव्हिएत हेर शोधणारा ब्रिटनचा विभाग आता सोव्हिएत हेराच्या ताब्यात होता. काही काळाने जेन आर्चर त्याच विभागात दाखल झाल्या. क्रिविट्स्कीने सांगितलेल्या तरुण पत्रकाराची गोष्ट ज्यांनी स्वतः नोंदवली होती त्या आर्चर यांना फिल्बीने पूर्व युरोपातील बिनतारी संदेशांच्या विश्लेषणात गुंतवून ठेवले.

इस्तंबूलचे एकवीस दिवस

व्होल्कोव्हने इस्तंबूलच्या ब्रिटिश वाणिज्य दूतावासाला आधी पत्र पाठवले होते. उत्तर न आल्याने ४ सप्टेंबर १९४५ रोजी तो पत्नी झोया हिला घेऊन स्वतः तेथे गेला. ब्रिटिशांचे काही सांकेतिक संदेश मॉस्को वाचते, हे त्याला ठाऊक होते. त्यामुळे आपल्याविषयी तारेने काहीही कळवू नये, सगळे राजनैतिक टपालाने जावे, अशी अट त्याने घातली. उत्तरासाठी २१ दिवसांची मुदत दिली. जिवाच्या भीतीने घेतलेली ही खबरदारीच त्याच्यावर उलटली. टपाल लंडनला पोहोचेपर्यंत दोन आठवडे गेले आणि तारेला फाटा देऊन आलेला तो कागद थेट फिल्बीपुढे पडला.

फिल्बीने त्याच संध्याकाळच्या सुमारास सोव्हिएत संपर्क अधिकाऱ्याला सावध केले. पुढची अडचण होती ती इस्तंबूलला कोण जाणार याची. मेन्झिस यांच्या मनात मध्यपूर्वेतील सुरक्षा विभागाचे ब्रिगेडियर डग्लस रॉबर्ट्स होते. रॉबर्ट्स यांना रशियन भाषा उत्तम येत होती. पण त्यांना विमानप्रवासाची धास्ती होती आणि त्यांनी विमानाने जायला नकार दिला. मग फिल्बीनेच जावे असे ठरले. निघायला काही दिवस लागले, वाटेत हवामानामुळे विमान वळवावे लागले. तो इस्तंबूलला पोहोचला तेव्हा मुदत संपत आली होती. ब्रिटिश दूतावासाने व्होल्कोव्हशी दूरध्वनीवर संपर्क साधण्याचा प्रयत्न केला. तो मिळाला नाही. त्याआधीच एक सोव्हिएत विमान इस्तंबूलला येऊन गेले होते. पट्ट्यांत गुंडाळलेल्या दोन व्यक्तींना स्ट्रेचरवरून त्यात चढवण्यात आले होते. व्होल्कोव्हला मॉस्कोत चौकशीनंतर ठार करण्यात आले.

लंडनला परतल्यावर फिल्बीने अहवाल दिला. इस्तंबूलच्या कर्मचाऱ्यांचा ढिसाळपणा, व्होल्कोव्हचा स्वतःचा उतावीळपणा, सोव्हिएत इमारतीत बसवलेले संभाव्य ध्वनिग्राहक अशी कारणे त्यात मांडली होती. ती सगळीच शक्यतेच्या कोटीतली होती आणि ती मान्य झाली. त्याच महिन्यात कॅनडाच्या राजधानीत इगोर गुझेंको हा सोव्हिएत दूतावासातील सांकेतिक संदेशांचा कारकून कागदपत्रांसह पळून आला होता आणि ते प्रकरणही फिल्बीच्या मेजावर होते. गुझेंको वाचला, कारण तो आधीच कॅनडा सरकारच्या संरक्षणात पोहोचला होता. व्होल्कोव्हने विश्वासाने वाट पाहिली. १९४६ च्या नववर्षाच्या सन्मान यादीत फिल्बीला ‘ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर’ हा किताब मिळाला.

संशयाची सावली

पुढील काही वर्षे फिल्बीची चढती कमान कायम राहिली. लिट्झीशी घटस्फोट घेऊन १९४६ मध्ये त्याने एलीन फर्स हिच्याशी लग्न केले. १९४७ मध्ये तो इस्तंबूललाच एमआय-६ चा प्रमुख म्हणून गेला आणि १९४९ मध्ये वॉशिंग्टनला अमेरिकी गुप्तचरांशी समन्वय साधणारा अधिकारी म्हणून रुजू झाला. सीआयएचे जेम्स अँगल्टन यांच्याशी त्याची नियमित जेवणे होत. याच काळात ब्रिटन आणि अमेरिकेने अल्बानियात निर्वासितांच्या तुकड्या उतरवल्या. त्यांतले बरेच जण पकडले वा मारले गेले. निर्वासितांमधील फितुरी आणि सदोष नियोजन ही कारणे होतीच, पण मोहिमेची माहिती फिल्बीमार्फत मॉस्कोला पोहोचत होती.

त्याचा घात झाला तो युद्धकाळातल्याच कागदांमुळे. युद्धाच्या काळात अडवलेल्या सोव्हिएत तारा अमेरिकी गणितज्ञ व भाषातज्ज्ञ हळूहळू उलगडत होते. त्यात ‘होमर’ या टोपणनावाचा हेर युद्धाच्या अखेरीस वॉशिंग्टनच्या ब्रिटिश वकिलातीत असल्याचे दिसले. तो मॅक्लीन होता. फिल्बीला हे आधीच कळले. २५ मे १९५१ रोजी मॅक्लीन आणि बर्जेस इंग्लंडमधून पळून गेले. बर्जेस काही दिवसांपूर्वीपर्यंत वॉशिंग्टनमध्ये फिल्बीच्याच घरी राहत होता. आता संशयाला जागा राहिली नाही.

फिल्बीला परत बोलावून राजीनामा घेण्यात आला. वर्षअखेरीस हेलेनस मिल्मो या कायदेतज्ज्ञाने त्याची उलटतपासणी घेतली. व्होल्कोव्हचे कागद लंडनला आल्यानंतर लंडन आणि मॉस्को यांच्यातील सोव्हिएत बिनतारी संदेशांची संख्या अचानक का वाढली, असा प्रश्न त्याच्यापुढे ठेवण्यात आला. फिल्बीने आपल्याला ते सांगता येणार नाही असे उत्तर दिले. मिल्मो यांची त्याच्या अपराधाविषयी खात्री पटली; परंतु न्यायालयात टिकेल असा पुरावा नव्हता. एमआय-५ त्याला दोषी मानत राहिली, तर एमआय-६ मधील मित्र त्याला अन्यायाचा बळी समजत राहिले. ऑक्टोबर १९५५ मध्ये खासदार मार्कस लिप्टन यांनी संसदेत त्याचे नाव घेतले. परराष्ट्रमंत्री हॅरल्ड मॅकमिलन यांनी ७ नोव्हेंबरला त्याच्याविरुद्ध पुरावा नसल्याचे निवेदन केले. दुसऱ्या दिवशी फिल्बीने आईच्या घरी पत्रकारांना बोलावून हसतमुखाने सारे आरोप नाकारले. लिप्टन यांना शब्द मागे घ्यावे लागले.

बैरूतहून मॉस्कोकडे

१९५६ मध्ये ‘ऑब्झर्व्हर’ आणि ‘इकॉनॉमिस्ट’चा वार्ताहर म्हणून तो बैरूतला गेला. एमआय-६ मधील मित्रांनीच ही सोय केली होती. मागे राहिलेली एलीन आजारपण आणि संशय यांनी खचत गेली व १९५७ च्या अखेरीस वारली. पाच मुलांची ही आई नवऱ्याबद्दल सरकारच्या आधी शंका घेऊ लागली होती.

शेवटचा घाव अनपेक्षित बाजूने आला. फ्लोरा सॉलोमन या लंडनमधील जुन्या स्नेही. युद्धाच्या आधी फिल्बीने त्यांनाही गुप्त कामात ओढण्याचा प्रयत्न केला होता. इस्रायलविषयीच्या त्याच्या लेखनाने संतापलेल्या या बाईंनी १९६२ मध्ये व्हिक्टर रॉथशिल्ड यांच्याजवळ ती आठवण बोलून दाखवली. आता साक्ष मिळाली होती. जानेवारी १९६३ मध्ये फिल्बीचे जिवलग मित्र आणि एमआय-६ चे अधिकारी निकोलस एलियट बैरूतला गेले. वर्षानुवर्षे ज्याच्यासाठी भांडलो त्याच्याकडून त्यांनी अर्धवट कबुली मिळवली. त्यानंतर फिल्बीवर पहारा मात्र ठेवला गेला नाही. २३ जानेवारीच्या रात्री तो बेपत्ता झाला आणि सोव्हिएत जहाजाने निघून गेला. जुलैमध्ये ब्रिटिश सरकारने सत्य मान्य केले आणि मॉस्कोने त्याला आश्रय दिल्याचे जाहीर केले.

मॉस्कोत त्याला घर, वेतन आणि पदके मिळाली. पण ज्याची तो अपेक्षा करत होता ते अधिकारपद मिळाले नाही. केजीबीच्या दृष्टीने तो हस्तकच राहिला. मुख्यालयाची पायरी त्याने प्रथम चढली ती १९७७ मध्ये, पळून आल्यानंतर तब्बल चौदा वर्षांनी. सुरुवातीच्या काळात त्याच्यावर पाळतही असे. मद्यपान वाढले. तिसरी पत्नी एलिनॉर मॉस्को सोडून गेली. १९७१ मध्ये रुफिना पुखोवा हिच्याशी विवाह झाल्यावर आयुष्याला काहीसे स्थैर्य आले. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने कुठेही पश्चात्ताप व्यक्त केला नाही. ११ मे १९८८ रोजी त्याचे निधन झाले आणि कुन्त्सेवो दफनभूमीत लष्करी इतमामाने त्याला पुरण्यात आले. दोन वर्षांनी त्याचे चित्र असलेले टपाल तिकीट निघाले. त्यानंतर वर्षभरात तो ज्या राज्यासाठी जगला ते राज्यच उरले नाही.

फिल्बीची कथा हुशार हेराची म्हणून सांगितली जाते. तो हुशार होता, यात वाद नाही. मात्र १९४० मध्ये क्रिविट्स्की, १९४५ मध्ये व्होल्कोव्ह आणि १९५१ मध्ये मिल्मो असे तीन वेळा सत्य ब्रिटिश सरकारच्या दारात येऊन उभे राहिले होते. पहिल्यांदा ते दुर्लक्षिले गेले, दुसऱ्यांदा ते त्याच्याच हाती सोपवले गेले आणि तिसऱ्यांदा मैत्रीने ते झाकले. मॅक्लीन आणि बर्जेस पळाल्यानंतरच्या काळात ब्रिटनने संवेदनशील पदांवरील अधिकाऱ्यांच्या पूर्वायुष्याची सखोल चौकशी सुरू केली. कोण कोणाच्या ओळखीचा आहे एवढ्यावर भागणार नाही, हे तोवर उमगले होते. ते उमगण्याची किंमत फिल्बीच्या वरिष्ठांनी मोजली नाही. ती मोजली इस्तंबूलमध्ये उत्तराची वाट पाहत बसलेल्या दांपत्याने आणि अल्बानियाच्या डोंगरांत उतरलेल्या, नावानिशी क्वचितच आठवल्या जाणाऱ्या माणसांनी.